पाय हलका ठेव, कुसुम

अहो, तेरावं झालं. पाहुणे गेले. मीना तेवढी आहे अजून आठ दिवस, मग तीही अमरावतीला जाईल. मंडपवाल्याचा माणूस सतरंज्या घेऊन गेला आणि घर इतकं मोठं झालं की स्वयंपाकघरात पेला पडला तर बाहेर कोणी आलं का म्हणून मीच पाहायला जाते. काल दुपारी मी गाडी काढली, त्या रविवारनंतर पहिल्यांदा. कुठं गेले ते सांगते, पण आधी माझं भांडण ऐका. तुम्ही मधेच उठून गेलात म्हणून भांडण संपत नसतं.

तुमच्याबद्दल लोक चांगलं बोलले. हिंगण्याच्या कारखान्यातून बसभर माणसं आली होती. मनमिळाऊ होते, शिस्तीचे होते, कोणत्याही मशीनचा आवाज ऐकून रोग सांगायचे, असं बरंच काही. मी पदराआड ऐकत होते आणि वाट पाहत होते की आता कोणी म्हणेल, हा माणूस पेट्रोलच्या बाबतीत महाकंजूस होता. कोणी म्हणालं नाही. मला हसू आलं, तर मीनाला वाटलं आई रडते आहे, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी खरंच रडले.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या रविवारी गाडीत तुम्ही मला म्हणालात, "दाब." अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालात. आणि मी दाबलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मीनालाही नाही. सगळे म्हणतात, वहिनी, तुम्ही होत्या म्हणून दवाखान्यापर्यंत तरी गेले. मी मान हलवते. मी दाबलं असतं तर तुम्ही आज असता का, हा माझा प्रश्न आहे, आणि ज्याला विचारावा असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

पेट्रोल ज्या वर्षी एकाएकी महागलं, त्याच वर्षी तुम्ही गाडी घेतलीत. लोक विकत होते म्हणून तुम्ही विकत घेतली, हा तुमचा उलटा स्वभाव. जुनी पांढरी गाडी, स्टिअरिंगखालचा गिअर, पुढची सीट सोफ्यासारखी एकसंध. मी म्हटलं, घ्यायची आणि दारात ठेवून पुसायची का? तर म्हणालात, "पुसाले नाही घेतली. चालवू ना. पण बैलावानी चालवू."

बैलाचं तुमचं सगळं शास्त्र तुमच्या बाबांचं होतं. काटोलकडच्या त्या खडकाळ रस्त्यावर संत्र्याची बंडी हाकताना त्यांनी तुम्हाला शिकवलं होतं, चढ लांबूनच पाहायचा, बैलाला सपाटीवरच थोडं चालतं करायचं, म्हणजे चढावर पराणी टोचावी लागत नाही. तुम्ही मशीनवर इतकी वर्षं काढलीत, इंग्रजी पुस्तकं वाचलीत, पण गाडी शिकवताना तोंडात बंडीच यायची. वानखेडे शेजारी उताराला गिअर काढून, इंजिन बंद करून जीप सोडायचे आणि फुशारकी मारायचे. तुम्ही त्यांना तोंडावर म्हणालात, "वानखेडे, उतारावर कासरा सोडाले तुमच्या बापानं शिकवलं का गा?" चार दिवस ते बोलले नाहीत आपल्याशी.

मला शिकवलंत हिंगणा रोडवर, रविवारी. सुट्टीमुळे कारखान्यांच्या बसेस नसायच्या, रस्ता मोकळा. मी छत्तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, आणि तुम्ही मला पहिल्या दिवशी चावीच दिली नाही. बाजूला बसवून अर्धा तास नुसतं रस्त्याकडं पाहायला लावलंत. "काय दिसते सांग." मी म्हटलं, डांबर दिसतं. तुम्ही म्हणालात, "ते तर गाढवालेबी दिसते. पुढचा सायकलवाला कुठं वळून राहिला ते सांग." मला इतका राग आला होता की परत येताना मी तुमच्याशी बोललेच नाही. पण त्या अर्ध्या तासात मी जे पाहायला शिकले ते वर्गातही कामी पडलं, कोणती मुलगी आता रडणार ते मला आधी कळायला लागलं.

मग पाय. "पाय हलका ठेव वं, कुसुम. पेडलखाली पिकलं सीताफळ हाये असं समज. फुटलं नाही पायजे." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. चौकात पोलिसाच्या हाताकडं पाहायचं नाही, खांद्याकडं पाहायचं, हात उठायच्या आधी खांदा हलतो, तेव्हाच पाय उचलायचा. ब्रेक म्हणजे मागं जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर सांडणं. गाडी दुसऱ्यात ओरडायला लागली की तिसरा टाकायचा, तिसऱ्यात कण्हायला लागली की मुकाट्यानं परत दुसरा, हट्ट नाही करायचा. रेल्वेचं फाटक बंद असलं की इंजिन बंद. टायरची हवा सकाळीच पाहायची, ऊन लागायच्या आधी. डिकीतून तुम्ही मीनाची मोडकी सायकल काढलीत, लोखंडी पेटी काढलीत, मग चालत्या गाडीत माझ्याकडं पाहून म्हणालात, "आता अजून काय कमी करता येईन?" मी म्हटलं, मी उतरते, तुम्ही एकटे जा. त्यावर तुम्ही इतके हसलात की गाडी आपली झोकांडत गेली.

आणि ती बाटली. महिन्यातून एका रविवारी तुमचा बाटलीचा उत्सव. इस्माईलभाई मेकॅनिकनं दिलेली काचेची सलाईनची बाटली, त्यात मोजून एक लिटर पेट्रोल, तिची नळी डाव्या खिडकीतून बोनटच्या आत, सरळ इंजिनला. टाकीचा पाइप काढून ठेवायचा. बाटली उलटी धरून बसायचं काम माझं. ती संपून गाडी रस्त्यात बंद पडली की काट्यावरचे किलोमीटर पाहायचे, तो लिटरमागचा खरा आकडा. एकदा हिंगणा नाक्यावर एका म्हाताऱ्यानं खिडकीत डोकावून विचारलं, "बाई, पेशंट कुठं हाये?" तुम्ही पट्कन म्हणालात, "बोनटमंदी." त्या दिवशी साडेतेरा भरले आणि तुम्ही मला सीताबर्डीवर आइसक्रीम खाऊ घातलंत. बाटली धरून माझे हात भरून यायचे, कपड्यांना वास यायचा, पण खरं सांगू का, महिन्यातला तोच एक दिवस असायचा जेव्हा आपण दोघं तासभर एकाच गोष्टीकडं पाहत असायचो.

लकडगंजची गोष्ट मात्र मला या तेरा दिवसांत फार छळते. मागच्या खोलीच्या चौकटीला सागवान घ्यायचं होतं, वानखेड्यांनाही घ्यायचं होतं. ते म्हणाले, चला, पाहू कोण आधी पोचते. ते जीप पळवत गेले, आपण आपल्या चालीनं. सीताबर्डी, महाल, गांधीबाग, सगळी गर्दी तुम्ही न थांबता पार केलीत, कुठं दोन बोटं मोकळी जागा दिसली की गाडी अलगद तिथं जायची. लकडगंजला आपण पोचलो तेव्हा वानखेडे पानठेल्यावर उभे होते आणि पानवाला त्यांच्या पानाला अजून चुना लावत होता. तुम्ही गाडीतूनच मला म्हणालात, "पाह्यलं? एका पानाचा फरक. एवढ्या वेळात कोणाचं काय बिघडते?" तेव्हापासून आपल्या घरात ते माप झालं. मला शाळेला उशीर झाला की तुम्ही म्हणायचे, कुठं, एकच पान तर झालं.

एका पानाचा वेळ. अहो, मी आता तेच मोजत बसते.

आपलं खरं भांडण त्या जेटचं. मीनाला मी काल समजावून सांगत होते, जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा एवढासा तुकडा, त्याला सुईच्या नेढ्याएवढं भोक, त्यातून इंजिनला पेट्रोल जातं. तुम्ही इस्माईलभाईकडून त्याहून लहान भोकाचा बसवून घेतला होतात. पेट्रोल कमी जायचं, पण जोरही कमी यायचा. हळू चालवलं तर कळायचं नाही. जोरात पेडल दाबलं की गाडी आधी उचकी द्यायची, मग विचार करायची, मग पुढं जायची. अमरावती रोडवर मी एका ट्रकच्या पुढं काढायला गेले, समोरून दुसरा ट्रक आला, मी पाय पार खाली दाबला आणि गाडीनं उचकी दिली. कशी आत आले मला माहीत नाही. कडेला थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मी म्हटलं, आजच्या आज मोठा जेट बसवा. तुम्ही म्हणालात, "पण ओव्हरटेक कराची गरजच काहून पडली तुले?"

दोन वर्षं झाली त्याला. दोन वर्षं मी जेवताना, झोपताना, मीनाच्या लग्नात पंगतीत वाढताना तोच विषय काढला. तुमचं उत्तर ठरलेलं, पाय हलका ठेव, जेटची गरज पडत नाही. मी म्हणायचे, आयुष्यात एकदा तरी पडेल. तुम्ही म्हणायचे, पडली तर पाहू. यंदा दसऱ्याला तुम्ही गाडी धुतलीत, झेंडूचा हार घातलात, मला हाक मारलीत, आणि मी कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आलेच नाही. मी म्हटलं, मोठा जेट बसेपर्यंत मी या गाडीला कुंकू लावणार नाही. हार तेवढा आठ दिवस वाळत राहिला बोनटवर.

मग दिवाळी झाली, थंडी आली, आणि तुमची बाटली बंद झाली. मी विचारलं तर, आज अंग दुखते, आज हवा गार हाये, आज नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तुम्ही गेल्यावर मी याच गोष्टीवर स्वतःला सगळ्यात जास्त मारलं. जो माणूस त्या बाटलीसाठी लग्नाचं जेवण सोडेल, तो तीन महिने तिला हात लावत नाही, म्हणजे त्याला बरं नाही, एवढं मला कळू नये? मी पुढचा सायकलवाला कुठं वळतो ते पाहत होते आणि बाजूला बसलेला माणूस पाहत नव्हते.

संक्रांत होऊन आठच दिवस झाले होते. सकाळचे नऊ. तुम्ही अंगणात टायरची हवा पाहत होतात. आत येऊन पायरीवर बसलात आणि म्हणालात, पित्त झालं वाटते, सोडा दे. मी सोडा घेऊन आले तर कपाळावर घामाचे थेंब, त्या थंडीत. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता. वानखेडे गावाला गेलेले. मी तुम्हाला धरून गाडीत बसवलं, चावी फिरवली, चोक ओढला. गार इंजिन, दुसऱ्या वेळी लागलं. आणि तुम्ही, छातीवर हात धरलेला, डोळे मिटलेले, मला म्हणालात, "चोक आत कर वं. पेट्रोल जाते." मी मुकाट्यानं आत केला.

आठ रस्ता चौकाच्या अलीकडं एक बंडी चालली होती, कडब्यानं भरलेली. मी लांबूनच पाय उचलला. माझ्या मनानं नाही उचलला, पायानंच उचलला. तुम्ही डोळे उघडले आणि म्हणालात, "दाब." मला वाटलं चुकून बोलले. तुम्ही परत म्हणालात, "कुसुम, दाब."

आणि मी तुमच्यावर ओरडले. मला माझे शब्द जसेच्या तसे आठवतात. मी म्हटलं, "काय दाबू? तुमच्या त्या लहान जेटनं दाबलं तर चालते तीही बंद पडेल. दोन वर्षं सांगत होते ना मी." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. नुसतं पाहिलंत, आणि मग खिडकीकडं तोंड केलंत. बंडी बाजूला झाली, मी हळूच पुढं काढली, रहाटे कॉलनी, धंतोली, दवाखान्याचं फाटक. फाटकात वॉर्डबॉय धावत आला. तुम्हाला स्ट्रेचरवर घेताना तुम्ही माझं मनगट धरलंत आणि काय म्हणालात? "एकदाबी ब्रेक नाही मारला वं तू."

खरं होतं. घरापासून त्या फाटकापर्यंत मी एकदाही ब्रेक मारला नव्हता. अकरा वर्षांत तुम्ही मला एकच शाबासकी दिलीत, ती ही. मला त्या क्षणी बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू, शाळेतल्या पोरीसारखं बरं वाटलं. मग आत एका तरुण डॉक्टरनं नर्सला म्हटलेलं ऐकलं, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. तेव्हापासून ते बरं वाटणं मला टोचत राहिलं आहे.

दोन दिवस तुम्ही होतात. बोलू नका म्हणून सांगितलं होतं तरी सोमवारी तुम्ही वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडं पाहून मला खुणावलंत, हे किती किलोमीटर जाईन? मी हसले. तुमचे ओठही हलले. मला वाटलं, चला, हा माणूस घरी येतो. मंगळवारी सकाळी मी चहा घ्यायला खाली उतरले आणि वर आले तर पडदा ओढलेला होता.

मोठ्या डॉक्टरांना मी नंतर भेटले. ते म्हणाले, बाई, आठवडाभर सुरूच असावं ते, दोन-तीन मिनिटांनी काही झालं नसतं. मी नमस्कार करून आले. माझा अर्धा विश्वास बसला. उरलेला अर्धा दोष मी तुमच्या जेटवर ढकलला. तेरा दिवस मी त्या पितळेच्या तुकड्याला शिव्या दिल्या. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे म्हणाले, काही राहिलं असेल मनात, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, जेट राहिला असेल. माझा राग तुमच्यावर होता. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागवले. त्या रागाचा मला आधार होता, तो नसता तर मी उभी राहिले नसते.

तर काल दुपारी मी गाडी घेऊन इस्माईलभाईकडं गेले, हिंगणा नाक्याजवळ. त्यांनी बसायला स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलले आणि डोळे पुसले. मी म्हटलं, इस्माईलभाई, या गाडीतला लहान जेट काढा, मोठा बसवा, आजच. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"भाभी, मोठाच तं हाये."

मी म्हटलं, नाही, लहान आहे, तुम्हीच बसवला होता. ते बोनट उघडून वाकले, पाच मिनिटांनी तळहातावर जेट घेऊन आले आणि कपाटातल्या डब्यातून दुसरा काढून बाजूला ठेवला. दोन्ही माझ्यासमोर धरले. मला चष्मा न लावताही फरक दिसला.

"दिवाळीच्या आधी साहेब स्वतः आले. म्हणे, बदलून टाक इस्माईल, बाई दसऱ्यापासून रुसून हाये. लहानवाला तुझ्यापाशीच राहू दे म्हणे. अन् मले कसम घातली, तिले सांगजो नको."

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून तुमचाच शब्द निघाला.

इस्माईलभाई हसले, मग हसू आवरलं. "म्हणे, तिले माहीत झालं तं तिचा पाय जड होईन."

चहावर साय आली. म्हणजे तुम्ही हरला होतात. दोन वर्षं भांडून तुम्ही हरलात, माझं ऐकलंत, आणि कबूल करायचं नाही म्हणून बाटली बंद केलीत, कारण बाटलीनं आकडा खरा सांगितला असता. तुमचं अंग दुखत नव्हतं. हवा गार नव्हती. मी तीन महिने मोठ्या जेटची गाडी चालवत होते आणि मला कळलं नाही, कारण माझा पाय कधी अर्ध्याच्या खाली गेलाच नाही. तुम्ही शिकवलं होतं ना.

आणि त्या रविवारी तुम्ही दाब म्हणालात ते उगाच नाही. तुम्हाला माहीत होतं ती धावेल. मी तुमच्यावर ज्या गोष्टीसाठी ओरडले ती तुम्ही माझ्यासाठी कधीच सुधारून ठेवली होती. तुम्ही एवढंच म्हणायचं होतंत, अवं, बदलला मी जेट. चार शब्द. गाडीत तेवढा दम नसेल उरला, ठीक आहे. पण नंतर दोन दिवस होते, बाटलीची थट्टा करायला दम होता, हे सांगायला का नव्हता? काल रात्रभर मी हेच धरून बसले होते. पहाटे मला वाटलं की सांगितलं असतंत तर मला कळलं असतं, गाडी धावली असती. मी दाबायला हवं होतं, हे मला कळलं असतं. ते मला कळू नये म्हणून तुम्ही मला ब्रेकची शाबासकी दिलीत आणि जेटचं तोंडातून काढलं नाहीत. असंच आहे का? तुम्ही इतका विचार केलाही नसेल. पण मी तुम्हाला तेवीस वर्षं ओळखते, केला असेल.

इस्माईलभाई बिचारे, त्यांना काय माहीत. त्यांनी मला हौसेनं सांगितलं. "परत लहान लावू का भाभी?" म्हणाले. मी म्हटलं, नको, आहे तोच लावा.

परत येताना मी घराकडं वळले नाही. हिंगणा रोडला लागले, तुम्ही मला अर्धा तास डांबर पाहायला लावलंत त्या जागेवर. दुपारची वेळ, पाळी सुटायला अवकाश होता, रस्ता मोकळा. चौथा टाकला, समोर पाहिलं, मागं पाहिलं, आणि पाय खाली दाबला. पार खाली. सीताफळ फुटलं. गाडीनं उचकी दिली नाही, विचार केला नाही. ती अशी निघाली की माझी पाठ सीटला टेकली. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, धावते." मग मी पाय उचलला, ब्रेक मारला, कडेला थांबवली आणि इंजिन बंद केलं. कंपनीची एक बस बाजूनं गेली, तिच्यातल्या कोणी तरी मला ओळखून नमस्कार केला.

घरी आले. कुंकवाचा करंडा तेराव्याला मीनाच्या आत्यानं कपाटात वर ठेवून दिला होता, आता मला त्याचं काम नाही म्हणून. मी स्टुलावर चढून काढला. मीना म्हणाली, आई, हे काय करून राहिली? मी म्हटलं, दसऱ्याची पूजा राहिली आहे. ती हळदीची वाटी घेऊन माझ्या मागं आली. मी बोनटवर स्वस्तिक काढलं. बोटाला लागलेलं कुंकू मी पुसलं नाही, अजून आहे थोडं नखात.

तुम्ही इस्माईलभाईंना म्हणालात ते खरं होतं. मला माहीत असतं तर माझा पाय जड झाला असता. पण एकदाच झाला असता हो, त्या रविवारी.